मुंबई–लंडन: अंतर किती, विमानाला वेळ किती, आणि सांगलीकरानं घरातून निघायचं कधी

मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. विमान ताशी ९०० किलोमीटरनं जातं. भागाकार केला की आठ तास येतात. तिकिटावर मात्र जाताना पावणेदहाच्या आसपास दिसतात आणि येताना पावणेनऊच्या. सांगलीत विश्रामबागला माझं तिकिटांचं ऑफिस आहे आणि "मॅडम, गूगल आठ म्हणतंय, तुम्ही दहा कसं म्हणता?" हे मी सारखं ऐकते. विचारणाऱ्यांची गोष्टही बहुतेक एकच असते. मुलगा नाहीतर मुलगी तिकडं नोकरीला, नातवंड झालेलं, आणि आई-वडील पहिल्यांदाच निघालेले. त्यांना समोर बसवून जे सांगते तेच इथं लिहिते. हिशेबाची रीत एकदा कळली की ती पुणे–दिल्लीलाही चालते आणि मुंबई–न्यूयॉर्कलाही.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नका. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. सपाट करताना उत्तरेकडचे देश फुगतात आणि सरळ रेघ फसवी होते. मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीगोल घरात असेल तर तो घ्या आणि शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणून धरा. तो आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. गोलाचा व्यास ३० सेंटीमीटर असेल तर घेर ९४ सेंटीमीटर येतो. खऱ्या पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटीमीटर झाला सव्वाचारशे किलोमीटर. दोरा सतरा सेंटीमीटर भरतो. सतरा गुणिले सव्वाचारशे, ७,२२५.

कॅल्क्युलेटरची हौस असलेल्यांसाठी दुसरी रीत. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ पूर्व. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची वजाबाकी नाही, बेरीज करायची: ७३.३२. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा (०.२५६). दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला ७३.३२ च्या कोसाइननं गुणा (०.१६९). बेरीज ०.४२५. तिचा उलटा कोसाइन काढला की ६४.९ अंश येतात. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणून ७,२१७. दोऱ्यात आणि गणितात आठ किलोमीटरचा फरक. एवढा तर सांगलीहून मिरजेला जाताना पडतो.

तिकिटाच्या साइटवर किंवा विमानातल्या पडद्यावर ४,४८० दिसलं तर दचकू नका, ते मैल आहेत. वैमानिक सागरी मैलांत बोलतात, त्यांचा आकडा ३,८९० च्या घरात येतो. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. अंतर तेच, मापं वेगळी.

आता तो दोरा कुठून जातो ते बघा, कारण खरी गंमत तिथं आहे. मुंबईहून अरबी समुद्रावरून तो थेट कराचीच्या डोक्यावर जातो. मग बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा. बरोबर अर्ध्या वाटेवर तो जॉर्जियाच्या तिबिलिसीजवळ असतो. तिथून काळा समुद्र, क्रिमिया, पश्चिम युक्रेन, मग पोलंड-जर्मनीकडून लंडन. हे नाव-गाव वाचूनच कळेल की ही वाट कागदावर आहे, आकाशात नाही. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. असं २०१९ मध्येही झालं होतं, फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत. इराण-इराकवर तणाव आला की तिकडचंही आकाश काही दिवस मिटतं, जून २०२५ मध्ये मिटलं होतं. मग विमान अरबी समुद्रावरून ओमान, सौदी, तुर्कस्तान असं वळसा घालून जातं. म्हणजे नकाशावरच्या ज्या पट्टीला मी वर नावं ठेवली, तिच्याच रेघेजवळून पुष्कळदा खरं विमान जातं. पण त्यामुळं पट्टी शहाणी ठरत नाही, वाट लांबते एवढंच.

यातून कामाचा मुद्दा: एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, भारतीय कंपनीच्या विमानाला आणि परदेशी कंपनीच्या विमानाला वेगळा वेळ लागू शकतो. शेजारच्यांच्या सुनेला मागच्या वर्षी सव्वानऊ तास लागले म्हणून तुम्हाला तेवढेच लागतील असं धरू नका. तिचं विमान कोणतं होतं, कोणत्या महिन्यात, हे विचारल्याशिवाय तो आकडा कुचकामी.

आता वेळ. तिकिटावर छापलेला वेळ हवेतला नसतो. मुंबईच्या गेटपासून विमान मागं ढकलायला लागल्यापासून ते लंडनच्या गेटला लागेपर्यंतचा तो वेळ असतो. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. गर्दीच्या वेळी रांगेत उभं राहण्यात वीस मिनिटं सहज जातात आणि खिडकीशी बसलेल्या काकांना वाटतं, ड्रायव्हर झोपला की काय. लंडनला उलटा प्रकार. हीथ्रोवर उतरण्याआधी विमानांना शहराबाहेर ठरलेल्या चार जागांवर घिरट्या घालायला लावतात: बोविंगडन, लॅम्बोर्न, बिगिन, ऑकम. पडद्यावरच्या नकाशात विमान गोल फिरताना दिसलं तर काही बिघडलेलं नसतं, नंबर लागायचा असतो. हे सगळं धरून कंपनी वेळापत्रक करते, आणि वर थोडा राखीव वेळही ठेवते, म्हणजे उशिरा निघूनही वेळेवर पोचल्याचं दिसतं.

जाताना जास्त आणि येताना कमी का? पृथ्वी फिरते म्हणून, असं सांगणारे भेटतात. तसं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, नाहीतर आपण अंगणात उडी मारली की शेजारच्या अंगणात पडलो असतो. कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचे वारे वाहतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीत बसतो. थंडीत जोर जास्त, उन्हाळ्यात कमी. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर असा वारा सुटला होता की ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तो अपवाद झाला. मुंबई–लंडनला जाण्यायेण्यात पाऊण ते सव्वा तासाचा फरक धरला की पुरतं.

तर आता ठोकताळा. लांबच्या प्रवासाला किलोमीटरला ८५० नं भागा, अर्धा तास मिळवा, मग पश्चिमेला जात असाल तर आणखी पाऊण तास मिळवा, पूर्वेला येत असाल तर पाव-अर्धा तास कमी करा. ७,२०० भागिले ८५० म्हणजे साडेआठला थोडं कमी. अर्धा मिळवून नऊ. जाताना पावणेदहा, येताना साडेआठ ते पावणेनऊ. वळसा पडत असेल तर अर्धा ते एक तास जादा. देशातल्या देशात विमानं थोडी हळू असतात आणि चढण्या-उतरण्यातच निम्मा वेळ जातो, म्हणून तिथं ८०० नं भागून चाळीस मिनिटं मिळवा. पुणे–दिल्ली हवेतून १,१५५ किलोमीटर: दोन तास सात मिनिटं. मुंबई–नागपूर ६८०: दीड तास. वेळापत्रकाशी ताडून बघा, पाच-दहा मिनिटांत बसतं. मुंबई–न्यूयॉर्क साडेबारा हजार: सव्वापंधरा, जाताना सोळा.

मुंबई–नागपूरचं निघालंच आहे तर एक सांगते. समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा, आणि मुंबई–नागपूर हवाई अंतर ६८०. इतका सरळ रस्ता आपल्याकडं दुसरा दाखवा! सांगली–मुंबईला कात्रज, खंडाळा आणि खंबाटकी आडवे येतात, त्यामुळं आमच्या नशिबी हा सरळपणा नाही.

वेळेतला सगळ्यात मोठा घोळ घड्याळाचा. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची लंडनची. समजा थंडीत विमान दुपारी दीडला सुटतं आणि संध्याकाळी पावणेसहाला पोचतं असं छापलंय. तासगावचे एक द्राक्षबागायतदार काका हे वाचून खूष झाले होते: "सव्वाचार तासांत लंडन? आम्हाला पुण्याला जायला एवढा वेळ लागतो की!" तसं नसतं, काका. पोचण्याची वेळ आधी आपल्या वेळेत आणायची. थंडीत लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. पावणेसहात साडेपाच मिळवले की रात्रीचे सव्वाअकरा. दीड ते सव्वाअकरा, पावणेदहा तास.

उन्हाळ्यात तिकडं घड्याळ एक तास पुढं करतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं. त्या काळात फरक साडेचार तासांचा. तेच विमान दीडला सुटून पावणेसातला पोचलेलं दिसेल, लागलेला वेळ तेवढाच. मार्च-अखेरीला आणि दिवाळीच्या सुमाराला ज्यांची तिकिटं असतात त्यांनी हे दोनदा तपासावं. कंपन्यांची वेळापत्रकंही याच दोन रविवारी बदलतात, त्यामुळं ऑगस्टमध्ये बघितलेली वेळ नोव्हेंबरला चालेल असं नाही.

थंडीपुरती एक युक्ती आहे, आजोबांना फार आवडते. हातातलं काट्यांचं घड्याळ उलटं धरा, बारा खाली आणि सहा वर. आपल्याकडं दुपारचे बारा वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेसहा दिसतात, आणि लंडनला तेव्हा सकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. साडेपाच तासांचा फरक असल्यामुळं हे जमतं. उन्हाळ्यात एक तास मिळवायचा. मोबाइलवर हे जमत नाही, हे वेगळं सांगायला नको.

येताना तारीख बदलते. रात्री साडेआठला लंडनहून सुटलेलं विमान मुंबईला सकाळी पावणेअकराला येतं आणि त्यापुढं बारीक अक्षरात अधिक एक लिहिलेलं असतं. म्हणजे दुसरा दिवस. साडेआठमध्ये साडेपाच मिळवले की आपल्याकडचे पहाटेचे दोन, तिथून पावणेअकरापर्यंत पावणेनऊ तास.

आणि मध्यरात्रीच्या विमानांबद्दल मी ओरडून सांगते. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० असेल तर विमानतळावर १४ च्या रात्री नऊ-साडेनऊला हजर व्हायचं. आपल्या बोलण्यात रात्री साडेबारा म्हणजे अजून "आजची रात्र"च असते. विमान कंपनीची तारीख बाराला बदललेली असते. पंधराच्या संध्याकाळी बॅगा बांधणारी माणसं दरवर्षी भेटतात, आणि तेव्हा कुणालाच काही करता येत नाही. मी तर प्रिंटवर लाल पेननं लिहून देते: "घरातून निघायचं, १४ तारखेला, सकाळी."

मध्ये विमान बदलत गेलं तर स्वस्त पडतं, म्हणून दुबईमार्गे जावं का, हा पुढचा प्रश्न. अंतराच्या दृष्टीनं काही बिघडत नाही. मुंबई–दुबई १,९२५ आणि दुबई–लंडन ५,५००, बेरीज ७,४२५. थेट वाटेपेक्षा फक्त दोनशे किलोमीटर जास्त. पण वेळ बघा. पहिला टप्पा सव्वातीन तास, दुसरा साडेसात-पावणेआठ, म्हणजे अकरा, आणि मधली थांबणूक तीन तास धरली तर चौदा. किलोमीटर दोनशे वाढले आणि तास चार. शोधताना साइटवर एकूण वेळ चौदाऐवजी बावीस दिसला तर मधली थांबणूक अकरा तासांची आहे, आणि ती खुर्चीत बसून काढायची आहे. माझं मत विचाराल तर साठीच्या पुढच्या माणसांनी, पहिल्यांदा जात असतील तर, पैसे मोजून थेट विमानच घ्यावं. बदलायचंच असेल तर मध्ये तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या आणि व्हीलचेअर आधीच मागा. दोन वेगळी तिकिटं घेतली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, आणि पैसेही देत नाही. पन्नाशीच्या आतले, एक बॅग घेऊन फिरणारे असाल तर खुशाल स्वस्त घ्या.

आपल्या आजी-आजोबांच्या काळात तर सगळ्यांनाच थांबत जावं लागायचं. एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं मुंबई–लंडन विमान ८ जून १९४८ ला सुटलं, 'मलबार प्रिन्सेस' नावाचं. ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं.

अंतर आणि वेळ दोन्ही खरे किती ते निघायच्या आठवड्यात बघायचं असेल तर फ्लाइटरडार२४ सारखं ॲप उघडा आणि तुमच्या विमानाचा क्रमांक टाका. मागच्या काही दिवसांत ते विमान खरोखर कधी सुटलं, कधी उतरलं, आणि कुठून वळसा घालून गेलं हे सगळं दिसतं. सलग चार-पाच दिवस चाळीस मिनिटं उशीर दिसत असेल तर तुमच्या दिवशीही तसंच गृहीत धरा. मुलाला हे काम सांगा, त्याला तेवढाच आईवडिलांसाठी काही केल्याचा आनंद.

आता आपला खरा हिशेब, घरापासून घरापर्यंतचा. विमानाचे पावणेदहा तास ही त्यातली सगळ्यात खात्रीची गोष्ट. उरलेलं सगळं बेभरवशाचं. सांगलीहून मुंबई विमानतळ गाडीनं सात-आठ तास, खंडाळ्यात ट्रक आडवा झाला तर दहा. विमानतळावर तीन तास आधी. चेक-इनची खिडकी साधारण तासभर आधी मिटते आणि मग विनवण्या चालत नाहीत. म्हणून उलटं मोजत या. विमान दुपारी दीडला, म्हणजे साडेदहाला विमानतळावर. आठ तास प्रवास, वर दोन तास घाटाचे आणि चहाचे: मध्यरात्री साडेबाराला सांगली सोडायची. हे कुणालाच आवडत नाही. मी सांगते, आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडा, रात्रभर आडवं व्हा, सकाळी दादरला उतरून टॅक्सी करा. गाडी तास-दीड तास उशिरा आली तरी दीडचं विमान सापडतं. पहाटेचं विमान असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत पाहुण्यांकडं जाऊन राहा, पाहुणे ठाण्याचे असोत की बोरिवलीचे.

विमानतळ कोणता तेही बघा. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. द्रुतगती मार्गानं येणाऱ्या आपल्याला तो जवळ पडतो, पण तिकिटावर बीओएम लिहिलं असेल तर अंधेरी-सहारलाच जायचं, एनएमआय असेल तरच नवी मुंबईला. दोन्हींच्या मधलं अंतर कमी दिसलं तरी संध्याकाळच्या गर्दीत ते तुमचं विमान चुकवू शकतं. लंडनलाही एकच विमानतळ नाही: हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन. मुलगा स्लाउ किंवा हाउन्स्लोला राहत असेल तर हीथ्रो घराशेजारी. गॅटविकचं तिकीट चार पैसे स्वस्त मिळालं तरी तिथून त्याच्या घरी यायला दुसरा प्रवास होतो.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी घरापासून घरापर्यंतचे हे सगळे तास कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावेत. "सकाळ-संध्याकाळ" ला त्या दिवशी काही अर्थ राहत नाही, कारण जाताना तो दिवस थंडीत साडेएकोणतीस आणि उन्हाळ्यात साडेअठ्ठावीस तासांचा असतो. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट.

उतरल्यावर लगेच बाहेर पडता येत नाही. विमान गेटला लागणं, लांब चालणं, पासपोर्टची रांग, बॅगा. तासभर तर जातोच, गर्दीत दीड. म्हणून मुलाला सांगून ठेवा की छापलेल्या वेळेला येऊन उभा राहू नकोस, हीथ्रोला पार्किंगचे पैसे थांबशील तसे वाढतात. ॲपवर विमान उतरलेलं दिसलं की मग घरातून नीघ, आणि तुझ्या आईनं फोन केल्याशिवाय गाडी आत घालू नकोस.